डावी किडनी

९ जानेवारी

जुळली!

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका आजोबांच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवून बघत होते. वहिनी बोलत नव्हत्या, नुसत्या हुंदके देत होत्या. "ताई, तुमची चालते! यांना तुमची चालते!" एवढंच परत परत. आजोबांनी विचारलं, सगळं ठीक ना? म्हटलं, हो, आनंदाची बातमी आहे. आणि फ्रेम हातातून सुटून खाली पडली.

आनंदाचीच आहे. दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हापासून तो दिवसाआड डायलिसिसच्या खुर्चीत. वहिनींना साखर, त्यांची चालत नाही. किडनी मिळण्याच्या यादीत नाव घातलंय, पण ती यादी काही हलत नाही. राहिले मी. सख्खी, एकुलती बहीण.

इथे तरी खरं लिहावं. बातमी ऐकून मनात पहिल्यांदा देवाचे उपकार आले नाहीत. आलं ते एकच — नको!

११ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये पाळकसाहेब महिनाभर एकाच विषयावर बोलताहेत — विश्वासातला आवेश. "कोमट चहा कुणी पितं का? मग देवाला कोमट माणूस कसा चालेल?" लोक हसतात, माना डोलावतात. मग माझी पाळी. मी गाणं धरते, प्रार्थना करते आणि शेवटच्या बाकावर पेंगणारेसुद्धा उठून उभे राहतात. पाळकसाहेब मला 'आमची मशाल' म्हणतात. दादा 'भोंगा' म्हणतो. दादा मंडळीत येत नाही. लिफ्ट दुरुस्त करायचा तो, आजारी पडेपर्यंत. पाळकसाहेब एकदा घरी बोलवायला गेले तर म्हणाला, "साहेब, मीही लोकांना वरच नेतो. फक्त माझी दोरी दिसते."

आज पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मला न विचारता! वहिनींनी कळवलं असणार. "आपली बहीण स्वतःच्या देहाचा भाग देणार आहे. आवेश म्हणजे काय, ते बघून घ्या!" टाळ्याच टाळ्या. मला पुढे बोलावलं. मी हात वर केले. डोळे मिटले. हालेलूया म्हटलं.

दुसरं काय म्हणणार होते?

१२ जानेवारी

आमचे हे दोन दिवस गप्प होते, आज फुटले. "मला विचारलंस? चिमणी नऊ वर्षांची आहे. तिथे टेबलावर तुझं काही बरंवाईट झालं तर मी तिला काय तुझी गाणी ऐकवू?"

मी तोंड सोडलं. तुम्हाला विश्वास नाही, तुमचं मन कोतं, माझ्या रक्ताचा भाऊ आहे तो — काय काय बोलले! शेवटी हे बूट घालून बाहेर पडले.

आणि मला मनातून काय हवं होतं? त्यांनी आणखी ओरडावं. दाराला कडी घालून म्हणावं, तू जायचं नाहीस! म्हणजे सुटले असते. नवऱ्याने जाऊ दिलं नाही हो, नाहीतर मी काय...

१५ जानेवारी

उपास धरलाय. दादाच्या किडन्या बऱ्या कर. तुला काय अशक्य आहे? गुडघे बधिर होईपर्यंत प्रार्थना. घसा बसला. दुकानात गिऱ्हाईकांशी खुणांनी बोलावं लागलं. बाजूच्या बाई म्हणाल्या, "भावासाठी किती तळमळ हो!"

तळमळ आहेच. पण कुणासाठी? दादा बरा झाला, तर माझ्या पोटाला सुरी लागणार नाही. मी एवढी घसा फोडून माझ्यासाठी मागतेय. माझ्या पोटासाठी!

१६ जानेवारी

उपास सोडला. कुणाला सांगितलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

उपासनेनंतर दादाकडे. खुर्चीत होता. हातातून दोन नळ्या, एकीतून रक्त जातंय, दुसरीतून येतंय. मी तिकडे बघत नाही, भिंतीकडे बघते. त्याला ठाऊक आहे ते, म्हणून नळ्यांवर चादर ओढून घेतो. स्वतः थंडीने कुडकुडत असतो, आणि चादर कशासाठी — तर बहिणीला चक्कर येऊ नये म्हणून.

किती वाळलाय. पायांवर मात्र सूज. पाणी मोजून पितो. सगळ्यात जास्त कशाची आठवण येते, विचारलं. "ग्लास तोंडाला लावून गटागटा पाणी प्यायचं. बस."

मग म्हणाला, "घाबरलीस?"

"छे!"

माझ्याकडे बघत राहिला. मग शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला म्हणाला, "ही माझी बहीण. हिचा आवाज एवढा मोठा, की दवाखान्याची लिफ्ट बंद पडली तर हिला खालून हाक मारायला सांगा. आपोआप वर जाईल."

म्हातारा हसला. मीही हसले. खाली मात्र जिन्यानेच उतरले.

२२ जानेवारी



सकाळी दवाखान्यात बोलावलं होतं. देणाऱ्याची शेवटची मुलाखत. हे आणि वहिनी बाहेर बाकावर. डॉक्टरीणबाईंनी मला एकटीलाच आत घेतलं आणि दार लावलं. साध्याशा बाई, माझ्याच वयाच्या. टेबलावर अर्धवट प्यायलेला चहा. सगळं समजावून सांगितलं — काय काढतात, किती दुखतं, धोका थोडा, पण आहे. मग पेन खाली ठेवलं.

"आता एक सांगते, नीट ऐका. तुम्हाला द्यायची नसेल, तर आत्ता इथे सांगा. तुम्ही या कामाला योग्य नाही, एवढंच मी बाहेर सांगेन. का, ते कुणाला सांगणार नाही. तुमच्या नवऱ्याला नाही, भावालाही नाही."

मी म्हटलं, "म्हणजे... कुणाला कळणार नाही?"

"नाही."

मी तोंड उघडलंच नाही. मान 'नको' अशी हलली. माझी मान, आपली आपण! डॉक्टरीणबाईंनी काही विचारलं नाही. "ठीक आहे," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं. मी ते गटागटा प्यायले.

बाहेर त्या वहिनींशी बोलत होत्या तेव्हा मी कॅलेंडरकडे बघत उभी होते. वहिनी मटकन बाकावर बसल्या. मग उठून आल्या आणि मलाच जवळ घेतलं. "तुम्ही काय करणार, ताई? तुम्ही तर तयार होतात." मी त्यांच्या खांद्यावर रडले. रडू खरं होतं. तेवढंच खरं होतं.

संध्याकाळी दादाला भेटले. म्हणाला, "अगं, तोंड एवढंसं कशाला करतेस? बरंच झालं. तुझी किडनी लावली असती तर मी पण उठता-बसता गायला लागलो असतो. शेजाऱ्यांनी घर सोडायला लावलं असतं."

घरी हे जेवताना दोन वेळा म्हणाले, भाजी छान झालीय. सुटल्यासारखा चेहरा. चिमणीच्या डोक्यावर उगाचच टपली मारली. मला त्यांचा राग आला. काय बाई आहे मी!

२५ जानेवारी, रविवार

साक्ष दिली.

हो. दिली. पाळकसाहेब म्हणाले, "तुमची तयारी होती, देवाने दार बंद केलं. मंडळीला हे ऐकू दे." नाही म्हणायला जीभ उचलली नाही. उभी राहिले तेव्हा वाटलं, दोन वाक्यं बोलून बसावं. पण माइक हातात आला की मला काय होतं कोण जाणे! आवाज चढला. अब्राहामाची गोष्ट सांगितली — मुलगा वेदीवर ठेवला, सुरी उगारली आणि देवाने हात धरला. माझाही हात धरला, असं मी म्हणाले! बायका रडत होत्या. एक म्हातारी येऊन माझ्या हाताचा मुका घेऊन गेली.

घरी येऊन तो हात साबणाने धुतला.

२९ जानेवारी

दादाच्या हातातली डायलिसिसची नस बंद पडली. आता मानेत नळी घातलीय. बोलताना मान वळवता येत नाही, डोळेच फिरवतो. वहिनी म्हणाल्या, मानेतली नळी फार दिवस चालत नाही, जंतू शिरतात. 

निघताना म्हणाल्या, "तुमची प्रार्थना चालू असू द्या हं."

माझी प्रार्थना! ओठ हलवले की स्वतःचाच आवाज ऐकू येतो, छान, घोटीव, आणि किळस येते. प्रार्थना बंद आहे. देवाला काय सांगू? त्याला तर खोली माहीत आहे, बाई माहीत आहे, टेबलावरचा चहा माहीत आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

आज प्रभुभोजन. भाकरीचा तुकडा तळहातावर. पाळकसाहेब ख्रिस्ताचे नेहमीचे शब्द म्हणत होते — देह, तुमच्यासाठी दिलेला. लहानपणापासून ऐकतेय. आज कानाखाली कुणी वाजवावी तसं झालं. दिलेला! त्याने गाणं म्हटलं नाही, साक्ष दिली नाही. देह दिला.

तुकडा तोंडात घातला. गिळेना. जिभेवर भिजून लगदा झाला तरी गिळेना. शेवटी रुमालात काढून घेतला आणि पोट दुखतंय सांगून बाहेर आले. गाणं दुसऱ्या कुणीतरी धरलं. बरं गायली. माझ्यावाचून काही अडलं नाही.

३ फेब्रुवारी

दिवसभर डोक्यात एकच शब्द. त्याच्या शेवटच्या दिवसांना आपल्याकडे जुने लोक 'दुःखसहन' म्हणतात. ख्रिस्ताचं दुःखसहन. आवेश नाही म्हणत कुणी. मी आजवर ते दोन वेगळे समजत होते — आवेश आपला, दुःखसहन त्याचं. त्याने सोसायचं, आपण टाळ्या वाजवून गायचं!

आणि तो काय हसत गेला का? पकडायला येण्याआधी बागेत तोंडावर पडून त्यानेही टाळून पाहिलंच की. घाम फुटला त्याला. घाबरला होता! दुसरी वाट असेल तर दे, म्हणून विनवलं. माझ्यासारखंच. फरक एवढाच — मागून झाल्यावर तो उठला आणि गेला.

मला वाटायचं, आवेश आला की भीती जाते. गात राहिलं की जाईल. आज दुकानात काच पुसताना वाटलं, भीती जायची वाट कशाला बघायची? ती नाहीच गेली तर?

असं वाटलं म्हणून मी काही शूर झाले नाही. दुपारी रक्तपेढीची गाडी दिसली तर रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

४ फेब्रुवारी

गेले. कुणाला न सांगता. दुकानातून अर्धी सुट्टी.

डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मला द्यायची आहे.

"कुणी दबाव आणलाय?"

"नाही. घरी कुणाला ठाऊकच नाही."

"भीती गेली?"

"नाही. आत्ता तुमच्या दारात उलटी होईल की काय असं वाटत होतं."

"मग?"

"ती जाईपर्यंत थांबले तर दादा राहणार नाही."

त्यांनी पेन उचललं. मग म्हणाल्या, मनाच्या डॉक्टरांना भेटावं लागेल, काही तपासण्या परत, आणि मध्ये केव्हाही — अगदी टेबलावर झोपल्यावरसुद्धा — नको म्हणता येईल. म्हटलं, ते नका सांगू हो मला! तेच नका सांगू. हसल्या. पहिल्यांदाच.

५ फेब्रुवारी

ह्यांना सगळं सांगितलं. त्या दिवशी खोलीत काय झालं ते. हे खुर्चीत बसून बुटाच्या नाडीची गाठ सोडवत होते, सोडवतच राहिले.

"म्हणजे तेव्हा खोटं बोललीस."

"हो."

"मग राहू दे ना तसंच. आता कशाला खरं करायला निघालीस?" आणि हा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. "मी त्या दिवशी देवाचे आभार मानले होते गं. दादा मरणार हे कळत होतं तरी मानले."

मी भांडले नाही. पहिल्यांदाच मला त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलावंसं वाटलं नाही. शेजारी जाऊन बसले. आम्ही दोघं सारखेच घाबरट. शेवटी म्हणाले, "कुठे सही करायचीय सांग."

७ फेब्रुवारी

वहिनींना सांगितलं. त्या डबा घासत होत्या. घासतच राहिल्या, स्वच्छ झालेला डबा पुन्हा पुन्हा. मला वाटलं, आता फेकून मारतील. मारला असता तर बरं झालं असतं.

मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मधले हे दिवस त्यांनी मानेत नळी घेऊन काढले." एवढंच. मी उभी. जमीन दुभंगत नाही, हेच खरं.

जाताना दारात आल्या. "यांना सांगू नका, ताई. नव्याने तपासलं, अडचण दूर झाली, असंच सांगू. त्यांना फार लागेल ते. बहिणीवर जीव आहे त्यांचा."

८ फेब्रुवारी, रविवार

उपासनेआधी पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, माझी साक्ष खोटी होती. देवाने हात धरला नव्हता, मीच खाली घेतला होता.

वाटलं होतं, उपदेश करतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घालायचा विसरले. म्हणाले, "त्या दिवशी तुम्हाला न विचारता मी सगळ्यांना सांगून टाकलं. तुम्हाला टाळ्या मिळवून दिल्या. तुमच्यासाठी एकदाही प्रार्थना केली नाही, बाई. मशालीला कोण विचारतं, तुला चटका बसतोय का म्हणून?"

आज गायले नाही. शेवटच्या बाकावर बसले, पेंगणाऱ्यांच्यात. पाळकसाहेबांनी आवेशावर बोलायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. म्हणाले, आज आपण नुसतेच गप्प बसू. लोक चुळबुळत होते. कुणीतरी खोकलं.

११ फेब्रुवारी

दादाला ताप! हुडहुडी भरून. नळीतून जंतू रक्तात गेले. ताप उतरेपर्यंत ऑपरेशन नाही. उतरलाच नाही तर —

माझ्यामुळे. ते दिवस माझ्यामुळे गेले.

१२ फेब्रुवारी

ताप आहे. ओळखत नाही. मला आई म्हणाला.

१३ फेब्रुवारी

काचेबाहेर उभी होते. आत जाऊ देत नाहीत. आता द्यायची आहे तर घेणारा शुद्धीत नाही. देवा, घे ना! डावी घे, उजवी घे, मला काही नको, टाळ्या नकोत, गाणी नकोत. आवाजच निघत नव्हता. काचेला कपाळ टेकवून उभी राहिले. शब्द नाहीत, काही नाही. नुसतं दुखत होतं, छातीत, खरोखर. अशी प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती आणि ती प्रार्थना आहे की नाही तेही ठाऊक नाही.

नर्स म्हणाली, "मावशी, काच पुसावी लागते हो मला." मी बाजूला झाले.

१५ फेब्रुवारी, रविवार

ताप उतरला. पेज मागितली.

२० फेब्रुवारी

भरती झाले. उद्या. चिमणीने विचारलं, आई, काढली की तिथे खड्डा पडतो का? म्हटलं, नाही, आत बाकीचे सरकून बसतात.

भीती आहे. पाचावर धारण बसलीय. दार उघडंच आहे, नको म्हणायला अजूनही उशीर झालेला नाही. पाय पांघरुणात दाबून धरलेत.

२२ फेब्रुवारी

झालं. दुखतंय. लिहवत नाही. वहिनी सकाळी दादाच्या लघवीची पिशवी भरलेली बघून मोठ्याने रडल्या, असं हे सांगत होते.

२५ फेब्रुवारी

आज तोंडाला फडकं बांधून मला दादाच्या खोलीत नेलं. ग्लासभर पाणी पिऊन बसला होता. वहिनी जरा बाहेर गेल्या तशी मला म्हणाला, "पहिल्या तपासणीत काही अडचण नव्हतीच. मला ठाऊक आहे." मी तोंडावरचं फडकं आणखी वर ओढलं. "डॉक्टरीणबाईंना मीच सांगितलं होतं, हिला एकटीला आत घ्या. मंडळीसमोर तिला नाही म्हणता येणार नाही. तिला वाट द्या आणि मलासुद्धा सांगू नका. त्यांनी शेवटपर्यंत नाही सांगितलं. तुझा चेहरा बघून कळलं."

म्हटलं, "आणि मी परत आलेच नसते तर?"

"तर काय! रविवारची यायचीस तशी येत राहिली असतीस. तेवढ्यावर भागलं असतं माझं."

रडताना टाके फार दुखतात.